टोकन देण्याआधी, ताई...

गेल्या वर्षी मी शाळेतून निवृत्त झाले. हाताशी थोडी रक्कम आली आणि घरात येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाने सल्ले द्यायला सुरुवात केली. भाऊ म्हणाला, सोनं घे. जाऊबाई म्हणाल्या, मुलीच्या नावाने ठेव करा. आमच्या भिशीतल्या मैत्रिणींचं मात्र एकमत होतं, "ताई, एरंडोलातच एखादं घर घेऊन ठेवा. महिन्याच्या महिन्याला भाडं येईल. म्हातारपणी कुणापुढे हात पसरायला नको!"

मलाही ते पटलं. पतसंस्थांत ठेवी अडकलेली कुटुंबं आपल्या जिल्ह्यात काही कमी नाहीत. त्यामुळे कागदावरच्या व्याजापेक्षा डोळ्यांना दिसणारी वीट आपल्याला जास्त भरवशाची वाटते. शिवाय एरंडोल तालुक्याचं गाव. इथे कॉलेज आहे, कचेऱ्या आहेत, महामार्ग गावाला लागून. बदलीवर आलेले मास्तर, बँकेतली मुलं, शिकायला आलेल्या मुली यांना दोन खोल्या लागतातच.

मग दलाल आला. आला म्हणजे काय, आमच्या ह्यांच्या मावसभावाचा मित्रच तो. गावात हल्ली दलाल म्हणत नाहीत, 'इस्टेट एजंट' म्हणतात. माणूस गोड, मेहनती. स्वतःच्या गाडीवरून उन्हातान्हात फिरून त्याने चार घरं शोधली, त्यातलं एक मला दाखवलं. जुनं पण भक्कम, किंमत बारा लाख. त्या दिवशी तो तीन वाक्यं बोलला. ती तिन्ही तुमच्याही कानावर कधीतरी पडतील, म्हणून आज हा प्रपंच.

पहिलं वाक्य : "ताई, भाडेकरू तयारच आहे. पहिल्या महिन्यापासून चार हजार सुरू!"

मला आनंदच झाला. पण घर बघताना मी त्या घरातल्या बाईंशी बोलले. "बठा ना ताई," म्हणत त्यांनी चहा ठेवला आणि बोलता बोलता सांगितलं की त्या एकोणीस वर्षांपासून तिथे राहतात. भाडं हातात देतात, पावती नाही, करार नाही. दलालाने 'तयार भाडेकरू' म्हटलं, ते हे होतं! महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९ चा. तो अनुसूचीतल्या शहरी भागांना लागू होतो. त्याच्या कलम ५५ प्रमाणे भाड्याचा करार लेखी आणि नोंदणी केलेला हवा, आणि ती जबाबदारी मालकाची. करार नसेल तर अटींबद्दल भाडेकरू जे सांगेल तेच आधी खरं धरलं जातं. ते खोटं असेल तर सिद्ध करायचं मालकाने. म्हणजे मी बारा लाख मोजणार, आणि घरात कोण, किती वर्षं, किती भाड्याने राहणार हे माझ्या हातात नाही. त्या बाईंची चूक काहीच नव्हती. कागद करायचा होता मालकाने.

दुसरं वाक्य : "फक्त बहिणीची सही राहिलीय, ती होऊन जाईल."

वडिलांच्या मागे घर मुलाच्या नावावर चालत होतं. मुलगा सुरतला. मालमत्ता पत्रक मागवलं तर त्यावर बहिणीचंही नाव. दलालाच्या लेखी ती एक सही! पण १९५६ च्या हिंदू वारसा कायद्यापासून वडिलांच्या स्वतःच्या मालमत्तेत मुलीचा हिस्सा आहे, आणि २००५ च्या दुरुस्तीने वडिलोपार्जित मालमत्तेतही तिला मुलाइतकाच हक्क दिलाय. हक्कसोडपत्र करायचं की नाही, हे तिने समजून-उमजून ठरवायचं. तेही नोंदणी करून. तिने उद्या कोर्टात दावा लावला तर माझं घर अडकणार. पण खरं सांगू? मला त्याहून जास्त लागलं ते वेगळंच. म्हातारपणी कुणापुढे हात पसरायला नको म्हणून मी घर घेणार, आणि त्यासाठी दुसऱ्या एका बाईचा हिस्सा गुपचूप सोडवून घेतला जाणार! दिवाळीला साडी देऊन सही घेणारे भाऊ आपण सगळ्यांनीच पाहिलेत की नाही?

तिसरं वाक्य : "ताई, आजच टोकन द्या, उद्या जळगावची पार्टी येतेय."

ही जळगावची पार्टी फार जुनी आहे हो! ती दर वेळी उद्याच येत असते. पन्नास हजार रोख मागितले होते. खरं म्हणजे घर-जमिनीच्या व्यवहारात वीस हजार किंवा त्याहून जास्त रक्कम रोखीने घ्यायला २०१५ पासून आयकर कायद्याने बंदी आहे. इसार द्यायचा तो चेकने किंवा बँकेतून, आणि इसारपावतीवर एक ओळ हवीच : कागदपत्रांत दोष निघाला तर रक्कम परत. माझ्या तोंडून त्या दिवशी 'नाही' निघेना. नात्यातला माणूस, काय वाटेल त्याला? शेवटी म्हटलं, "भाऊ, वकिलाला दाखवते, मग बघू." तो नाराज झाला. आमचे हेही जरा गप्पच होते दोन दिवस.

आता कुणी म्हणेल, यासाठी सरकारने कायदा केलाय की! केलाय. २०१६ चा रेरा कायदा, आणि २०१७ पासून आपल्याकडे महारेरा. नोंदणी झालेल्या प्रकल्पातलं घर विकायचं तर एजंटाचीही नोंदणी लागते. त्याचा नंबर 'ए' अक्षराने सुरू होतो, प्रकल्पाचा 'पी' ने. दोन्ही महारेराच्या संकेतस्थळावर पाहता येतात. जानेवारी २०२३ मध्ये महारेराने एजंटांना प्रशिक्षण आणि परीक्षा सक्तीची केली, आणि २०२४ मध्ये प्रमाणपत्र न घेतलेल्या सुमारे वीस हजार एजंटांची नोंदणी वर्षभरासाठी स्थगित केली. चांगलंच झालं.

पण मैत्रिणींनो, हे सगळं कुठे चालतं? पाचशे चौरस मीटरपेक्षा मोठ्या जागेवरचे आणि आठांपेक्षा जास्त घरांचे नवे प्रकल्प असतील तिथे. आपल्या गावातली जुनी घरं, भावकीतली विक्री, गल्लीतल्या दोन खोल्या, हे व्यवहार त्या चौकटीत येतच नाहीत. तिथे एजंटाला ना परीक्षा, ना नंबर. म्हणजे पुण्या-मुंबईच्या बाईला जी थोडीफार ढाल मिळाली, ती आपल्याला नाही. आपली ढाल म्हणजे आपले प्रश्न.

याचा अर्थ दलाल वाईट असं मी म्हणत नाही. कोणतं घर विकायला निघालंय, कुठल्या गल्लीत पाणी येत नाही, कुणाला पैशांची निकड आहे, हे त्याच्याइतकं कुणालाच ठाऊक नसतं. पण त्याची दलाली मिळते ती व्यवहार झाल्यावर, आणि बरेचदा दोन्ही बाजूंकडून. व्यवहार मोडला तर त्याची पायपीट फुकट. मग 'हे घर घेऊ नका' असं तो कशाला सांगेल? घर शोधायचं काम त्याचं. तपासायचं काम आपण नेमलेल्या वकिलाचं. त्याने आणलेल्या वकिलाचं नव्हे!

भाड्याचा हिशोबही आपणच करायचा. चार हजारांप्रमाणे वर्षाचे अठ्ठेचाळीस हजार. एखादा महिना घर रिकामं राहिलं, चार हजार गेले. घरपट्टी, रंग, गळतं छप्पर, मोटर यांचे आठ हजार धरा. उरले छत्तीस हजार. बारा लाखांवर तीन टक्के! पोस्टातल्या ज्येष्ठांच्या योजनेचं व्याज याच्या दुपटीहून जास्त आहे. घराची किंमत वाढते हे खरं, पण ती विकल्यावरच हातात येते. त्यामुळे सगळी पुंजी एकाच घरात घालू नका.

एक गोष्ट मात्र त्या दलालाने सांगितलीच नाही. राहतं घर फक्त बाईच्या नावावर घेतलं तर १ एप्रिल २०२१ पासून महाराष्ट्रात मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत आहे. बारा लाखांवर बारा हजार. नवरा-बायको दोघांच्या नावावर घेतलं तर ती नाही. सुरुवातीला पंधरा वर्षं पुरुषाला विकायचं नाही अशी अट होती, ती २०२३ मध्ये निघाली. मात्र पैसे नवऱ्याने दिले असतील तर भाडं आयकरात त्याच्याच उत्पन्नात धरलं जातं, हेही लक्षात ठेवा.

ते घर मी सोडलं. चार महिन्यांनी त्याच दलालाने दुसरं दाखवलं, लहान आणि साडेसात लाखांचं. या वेळी मी आधीच सांगितलं : दलाली किती ते कागदावर, आणि ती खरेदीखताच्या दिवशी. मालमत्ता पत्रक, तीस वर्षांचा सर्च रिपोर्ट, घरपट्टीची पावती, वीजबिल, सगळं आधी वकिलाकडे. सगळ्या वारसांशी मी स्वतः बोलणार. तो हसला, "मॅडम, तुम्ही तर परीक्षाच घेता!"

घेतलीच. चाळीस वर्गांच्या घेतल्या, ही एक आणखी.

आता त्या घरात कॉलेजच्या दोन मुली राहतात, अकरा महिन्यांच्या नोंदणीकृत करारावर. आणि परवा त्याच दलालाचा फोन आला, "ताई, एक बाई घर बघताहेत, कागद काय काय मागायचे ते जरा त्यांना सांगता का?"

सांगितले. तुम्हालाही आज तेच सांगितलं.