जुनी बोलेरो कामाला काढताना

महिंद्राची बोलेरो २००० साली बाजारात आली. स्वतंत्र चासी, तिच्यावर बोल्टांनी बसवलेली बॉडी आणि मागे पाटे, ही रचना जीपच्या घराण्यातली. त्यामुळे पंधरा-वीस वर्षांची बोलेरो सहसा भंगारात जात नाही, गॅरेजात जाते. चासी शाबूत असली की बाकीचे बहुतेक सगळे बदलता येते.

म्हणून तपासणी चासीपासूनच. गाडी रॅम्पवर घेऊन चासीवर लहान हातोडी वाजवत जायचे. चांगले लोखंड खणखणते, आतून कुजलेले बद्द वाजते. पाट्यांचे शॅकल आणि चिखल साचणारे कोपरे इथे गंज हमखास सापडतो. किनाऱ्यालगत वापरलेल्या गाडीत तर लवकरच. कुजलेल्या तुकड्यावर पट्टी वेल्ड करता येते. चासीला पीळ असेल तर मात्र त्या गाडीवर रंगाचाही खर्च करू नये.

इंजिन खोलण्याची घाई मालकांनाच फार. आधी धूर पाहावा. काळा धूर असेल तर एअर फिल्टर, नोझल किंवा पंप. निळा असेल तर ऑइल जळते आहे. इंजिन तापल्यावरही पांढरा धूर राहिला आणि रेडिएटरचे पाणी घटत असेल तर संशय हेड गॅस्केटवर. चालू इंजिनाच्या ऑइलच्या झाकणातून धूर जोराने फेकला जात असेल तर बहुधा रिंगा गेल्या. पुष्कळदा नोझल आणि टॅपेटवरच भागते आणि ‘हाफ इंजिन’चा खर्च टळतो. ब्रेक, बुश, बॉल जॉइंट झिजले की बदलायचे, शॉकअब्सॉर्बर जोडीने.

सुधारणांत सर्वांत स्वस्त आणि गुणकारी ती दिव्यांची. ६० वॅटचे दोन बल्ब १२ व्होल्टवर साधारण १० अँपिअर ओढतात. हा प्रवाह जुनी वायर आणि झिजलेल्या स्विचमधून गेला तर व्होल्टेज पडते, उजेड पिवळट होतो. बॅटरीपासून फ्यूजसह जाड वायर आणि रिले टाकला की तेच बल्ब लख्ख जळतात. नुसते १०० वॅटचे बल्ब लावले तर होल्डर वितळतो.

रुंद टायरांची हौसही मोजून करावी. २१५/७५ आर १५ च्या जागी २३५/७५ आर १५ बसवला तर व्यास सुमारे ४ टक्के वाढतो. स्पीडोमीटर ८० दाखवतो तेव्हा गाडी ८३च्या पुढे असते, आणि घाटात क्लचवर ताण येतो तो वेगळाच.

कायद्याच्या बाजूने, निर्मात्याच्या मूळ रचनेत मनमानी बदल चालत नाहीत, असे सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये स्पष्ट केले. पुढचे लोखंडी बुल बार २०१७ पासूनच वर्ज्य आहेत. इंजिन बदलले तर आरसी बुकात नोंद हवी. खासगी गाडीला १५ वर्षांनी आरटीओत तपासणी करून पाच वर्षांचे नूतनीकरण मिळते. महाराष्ट्रात त्यासोबत पर्यावरण करही भरावा लागतो.