आधी कान, मग कॅमेरा

सुरुवात कबुलीजबाबानेच करतो. गेल्या वर्षी आपल्या ऑडिटोरियममध्ये शास्त्रीय गायनाची मैफल झाली, तेव्हा पहिल्या रांगेसमोर गुडघ्यावर बसून 'खटॅक-खटॅक' करणारा महाभाग मीच होतो. गळ्यात रूममेटचा डीएसएलआर, छातीवर फोटोग्राफी क्लबचा बिल्ला. आणखी काय हवं? बाईंनी नुकता षड्ज लावला होता. तबला गप्प. मागच्या रांगेत कोणी खोकल्याची गोळी सोडली तरी ऐकू यावं, अशी शांतता. त्या शांततेत मी सलग अकरा फोटो काढले! बाईंनी डोळे उघडले आणि म्हणाल्या, "बाळ, तुझं झालं की मी सुरू करते."

हॉल हसला. विंगमध्ये तेव्हापासून माझं नाव 'बाळ' पडलंय. असो.

नंतर मेसमध्ये बरीच चर्चा झाली. "एवढं काय त्यात? फोटो काढायचेच नाहीत का? क्रिकेटच्या मॅचला तर फोटोग्राफरांची रांग असते!" बरोबर आहे. पण शटरच्या आवाजाने बॅट्समनचा चौकार अडत नाही. आलापीत मात्र शांतता हाच कच्चा माल असतो. तिथे ठेका नसतो, त्यामुळे आपला 'खटॅक' हाच एकमेव ताल ठरतो आणि तोही बेताल.

फोटो काढूच नयेत असं माझं मुळीच म्हणणं नाही. पं. भीमसेन जोशी २४ जानेवारी २०११ रोजी गेले. आपल्यापैकी बरेच जण तेव्हा बालवाडीत होते. तरी हवेत झेपावणारा त्यांचा हात आणि मिटलेले डोळे आपल्याला ओळखीचे वाटतात, त्याचं बरंचसं श्रेय छायाचित्रकारांना आहे. पुण्याचे सतीश पाकणीकर किंवा दिल्लीचे रघु राय यांनी टिपलेले गायक-वादक जरूर बघा. राय यांचं तर याच विषयावर २०१० साली पुस्तक आलं. ही मंडळी रोलच्या जमान्यापासून काम करणारी. एका रोलमध्ये ३६ फोटो. म्हणजे बटण दाबण्याआधी विचार करणं आलंच. आपल्याकडे कार्डात हजार फोटो मावतात आणि विचार मात्र एकही मावत नाही.

आता थोडं इंजिनिअरिंग. डीएसएलआरमध्ये आरसा वर उडतो, त्याचा आवाज होतो. मिररलेसमध्ये इलेक्ट्रॉनिक शटर लावलं की आवाज शून्य. पण आपली वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे साधे एलईडी दिवे सेकंदाला १०० वेळा कमीजास्त होतात. सेन्सर ओळीओळीने वाचला जातो आणि फोटोवर काळे पट्टे येतात. उपाय सोपा आहे. शटर १/१०० किंवा १/५० ठेवा, म्हणजे प्रत्येक ओळीला प्रकाशाची पूर्ण आवर्तनं मिळतात. अ‍ॅपर्चर मोठं, आयएसओ वाढवलेला आणि फ्लॅश बंद म्हणजे बंद. माईक तोंडावर येतो म्हणून समोर न बसता बाजूला बसा.

पण खरी युक्ती मॅन्युअलमध्ये सापडत नाही. ती म्हणजे सम ओळखणं. विलंबित एकतालात बारा मात्रांच्या एका आवर्तनाला पाऊण मिनिट सहज लागतं. तेवढा वेळ गायक रचत रचत समेकडे येतो. समेवर तबलजी मान डोलावतो, श्रोत्यांचे हात खाली येतात, 'वा!' निघते. चेहरे खुलतात ते तिथेच आणि आपला 'खटॅक' त्या गजरात बुडूनही जातो. सम कधी येणार हे ज्याला कळतं, त्याला एक फोटो पुरतो. ज्याला कळत नाही, तो अकरा काढतो.

आणखी एक. तान घेताना चेहरा वेडावाकडा होतोच, तो मेहनतीचा चेहरा असतो. तसा फोटो काढून खाली विनोदी ओळ टाकून ग्रुपवर फिरवणं हा नुसता हलकटपणा आहे. आवडता फोटो बाहेर देण्याआधी कलाकाराला दाखवायला काय हरकत आहे?

तेव्हा पुढच्या मैफिलीसाठी माझी सूचना अशी. फोटोग्राफर एकच असावा, तो बाजूला बसलेला असावा आणि आलापीत त्याचा कॅमेरा मांडीवर असावा. बाकीच्यांचे मोबाईल खिशात. प्राध्यापक मंडळींचेही, बरं का!

त्या दिवशी मी कॅमेरा ठेवून कोपऱ्यात बसलो आणि तासभर नुसतं ऐकलं. द्रुत बंदिशीत एका समेवर एकच फोटो काढला. बाईंचा नाही, मागे तानपुरा धरून बसलेल्या त्यांच्या शिष्येचा. गुरूंची जागा नेमकी पडली, तेव्हा तिच्या चेहऱ्यावर उमटलेलं हसू त्यात आहे. आधीचे अकरा फोटो मी डिलीट केले. हा बाईंना पाठवला. उत्तर आलं, "बाळ, आता तू ऐकायला लागलास."