कॅमेऱ्याची किल्ली कोणाकडे?

मैत्रिणींनो, सोसायटीत कॅमेरे बसले की आपण निर्धास्त होतो. त्यांचा पासवर्ड मात्र बरेचदा कंपनीतून आला तोच राहतो. २०१६ साली ‘मिराई’ नावाच्या मालवेअरने असेच साठेक ठरावीक पासवर्ड लावून जगभरातले लाखो कॅमेरे, डीव्हीआर, राउटर ताब्यात घेतले होते.

गच्चीच्या किल्लीवरून सभेत तासभर वाद. आणि लेकीसुना कधी येतात-जातात हे दाखवणारा पासवर्ड कॅमेरे बसवणाऱ्याच्या मोबाईलमध्ये! माझ्या मते तो कमिटीने स्वतः बदलावा, कमिटी बदलली की पुन्हा. आणि डीव्हीआरला इंटरनेट हवंच कशाला? वॉचमनकाकांना पडद्यावर दिसलं की पुरे. सेक्रेटरींना घरबसल्या फोनवर बघायची हौस असते, ठाऊक आहे मला. येत्या सभेत विचारणारच आहे.