विद्येच्या जाळ्यांतील मधला माणूस

गेल्या मासीं आमचे घरीं एक वाद उपस्थित झाला. माझ्या धाकट्या बंधूंचा नातू संशोधनासाठीं मार्गदर्शक शोधीत आहे. घरांतील मंडळींचें मत असें कीं, ज्यांच्या नांवावर निबंध अधिक, तेच गुरु पत्करावे. मीही शाळेंत असतांना विद्यार्थ्यांस हाच सल्ला देत आलों; आणि त्याचें फळ एका हुशार विद्यार्थ्यास भोगावें लागलें. माझ्या सांगण्यावरून तो एका नामवंतांकडे गेला. सहा वर्षें त्याच्या ओळखी, त्याचा पत्रव्यवहार, सर्व त्या एकाच हातून होत असे. पुढें गुरूंची मर्जी फिरली, तेव्हां त्यास दुसरें दार ठाऊकच नव्हतें.

विद्वानांच्या मंडळांत वजन खरोखर कोणाचें असतें? दोघांनीं मिळून निबंध लिहिला म्हणजे त्यांच्यामध्यें एक धागा जोडला गेला असें मानावें. असे लक्षावधि धागे एकत्र पाहिले म्हणजे एक मोठें जाळें दिसूं लागतें. मार्क न्यूमन या पदार्थविज्ञानवेत्त्यानें २००१ सालीं अशा जाळ्यांची मोजणी प्रसिद्ध केली. तींत असें आढळलें कीं, दोन अनोळखी शास्त्रज्ञांमध्यें सरासरीनें पांच-सहा धाग्यांचेंच अंतर असतें. आणि एका शास्त्रज्ञाकडून इतरांकडे जाणाऱ्या जवळच्या वाटांपैकीं निम्म्याहून अधिक त्याच्या एकाच सहकाऱ्याच्या दारावरून जातात. तात्पर्य, वजन केवळ निबंधांच्या संख्येंत नसतें. दोन मंडळांस जोडणाऱ्या मधल्या माणसाचे हातीं तें असतें. मात्र तें दार पाणपोई होऊं शकतें, तसा जकातनाकाही!

पाणपोईचें उदाहरण आपल्या पुण्यांतच घडलें आहे. भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरानें १९१९ सालीं महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचें कार्य आरंभिलें. १९२५ सालीं डॉ. विष्णु सीताराम सुखठणकर प्रमुख संपादक झाले. पोथ्या शारदा, बंगाली, तेलुगु, ग्रंथ, मल्याळम् अशा नाना लिप्यांत. इतक्या लिप्या जाणणारा एकटा पंडित कोठून मिळावा? म्हणून शांतिनिकेतन व तंजावर येथेंही पाठ ताडून पाहण्याची व्यवस्था झाली. विराटपर्व लाहोरच्या डॉ. रघुवीरांकडे, उद्योगपर्व ढाक्याच्या सुशीलकुमार डे यांजकडे, तर सभापर्व थेट अमेरिकेंतील येल विद्यापीठाच्या फ्रँकलिन एजर्टन यांजकडे गेलें.

हे सर्व धागे सुखठणकरांच्या हातीं होते. परंतु त्यांनीं पाठनिर्णयाची रीति स्वतःपाशीं राखून ठेविली नाहीं. १९३३ सालीं आदिपर्वाच्या प्रस्तावनेंत ती सविस्तर छापून सर्वांची केली. म्हणूनच २१ जानेवारी १९४३ रोजीं ते निवर्तले तरी काम थांबलें नाहीं. डॉ. बेलवलकर व त्यांच्यामागून डॉ. प. ल. वैद्य यांनीं तें चालविलें आणि १९६६ सालीं मूळ संहिता पूर्ण झाली. मधला माणूस गेल्यावरही जाळें टिकलें, हीच त्याच्या थोरवीची कसोटी.

आणखी एक गोष्ट ध्यानांत ठेवावी. मोजणी केवळ छापलेल्या नांवांची होते. पोथीवर डोळे लावून एकेक अक्षर ताडून पाहणाऱ्या शास्त्र्यांचें नांव मुखपृष्ठावर येत नाहीं. म्हणून त्या जाळ्यांत त्यांचा धागाही दिसत नाहीं. परंतु त्यांच्यावांचून त्या ग्रंथाची एक ओळही सिद्ध झाली नसती.

असो. नातवास मीं इतकेंच सांगितलें : "गुरूंचे निबंध मोजूं नकोस. त्यांच्या जुन्या शिष्यांस भेट आणि तीन गोष्टी विचार. केलेल्या कामावर तुमचें नांव आलें काय? इतर विद्वानांशीं परस्पर पत्रव्यवहार करण्याची मोकळीक होती काय? आणि आज गुरूंवांचून तुम्ही शिष्य एकमेकांशीं काम करितां काय?"

तिन्हींचीं उत्तरें होकारार्थी येतील तें दार, मग त्यावरील पाटी लहान कां असेना, त्यानें निःशंकपणें ठोठवावें.