नटाचा झाला संगीतकार



परीक्षेचा निकाल मनासारखा लागला नाही, की घरावर अवकळा पसरते. इच्छापोर असो वा वसई, बाप एकच वाक्य बोलतो, "पोर वाया गेले!" अशा घरांत सांगावी अशी एक हकीकत आहे.

रामचंद्र नरहर चितळकर यांचा जन्म १२ जानेवारी १९१८ रोजी तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यातील पुणतांबे येथे झाला. गायनाचे धडे त्यांनी पुण्यास विनायकबुवा पटवर्धनांकडे घेतले. परंतु चित्रपटात पाऊल टाकले ते नट म्हणून. १९३५ च्या 'नागानंद'मध्ये त्यांना नायकाची भूमिका मिळाली. पुढे मात्र जम बसला नाही. मिनर्व्हा मूव्हीटोनमध्ये किरकोळ भूमिकाच वाट्याला आल्या. तेथेच ते पेटीवर बसले, संगीत दिग्दर्शकांच्या हाताखाली राबले आणि पुढे 'सी. रामचंद्र' या नावाने स्वतः संगीतकार झाले. गाताना मात्र ते 'चितळकर' हेच नाव लावीत.

अमेरिकेतील कृष्णवर्णीयांमध्ये जन्मलेले जॅझ संगीत तेव्हा मुंबईच्या हॉटेलांतून घुमत होते. ते वाजविणारे पुष्कळसे वादक गोव्याचे. चर्चच्या शाळांतून स्वरलिपी व व्हायोलिन शिकून ते पोटासाठी मुंबईस आले होते. हळदोण्याचे आंतोनियु शाव्हियर वाझ, म्हणजेच ट्रम्पेटवादक 'चिक चॉकलेट', हे त्यांपैकीच. बुवांच्या या शिष्याने त्यांना परके मानले नाही. आपले साहाय्यक केले. १९५१ च्या 'अलबेला'मध्ये ट्रम्पेटची ललकारी आणि रागदारीचा गोडवा एकत्र नांदले. चिक यांचा वाद्यवृंद तर पडद्यावरही झळकला. ओठ हालविले नायक भगवान यांनी, आवाज होता चितळकरांचा. ज्याला नट म्हणून स्थान मिळाले नाही, त्याचाच कंठ दुसऱ्या नटाला लोकप्रिय करून गेला!

केवळ उडत्या चालींचे संगीतकार म्हणून त्यांना बाजूस सारणाऱ्यांनी २७ जानेवारी १९६३ हा दिवस आठवावा. कवी प्रदीपांच्या, हुतात्मा जवानांवरील गीताला त्यांनीच चाल दिली होती. लताबाईंनी ते दिल्लीत गायिले तेव्हा पंडित नेहरूंचे डोळे पाणावले. ५ जानेवारी १९८२ रोजी चितळकर निवर्तले.

मातापित्यांनो, एक दार लागले म्हणून पोराला वाया गेलेले म्हणू नका. पुण्यास घेतलेले धडे 'नागानंद'च्या वेळी कामी आले नसतील. पेटीवर बसताच ते उपयोगी पडले. लेकराच्या हाती कोणती विद्या आहे, हे आधी शांतपणे पाहा.