लावा पावसाचीच वाट बघतो, मग पाऊसच त्याच्या पिल्लांच्या जिवावर का उठतो?

दोन-तीन चांगले पाऊस झाले की पुणे-सोलापूर पट्ट्यातल्या माळावर गवतातून 'व्हिट्-व्हिट्' असा आवाज यायला लागतो. पक्षी मात्र सहसा दिसत नाही. हा असतो पावसाळी लावा, म्हणजे रेन क्वेल. वजन जेमतेम ६५ ते ८५ ग्रॅम. हॉटेलात 'बटेर' म्हणून मिळते ती पोल्ट्रीतली जपानी जात. रानातला लावा पकडणं १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार गुन्हा आहे.

पावसातच अंडी का घालतो?

सह्याद्रीतले त्याचे भाऊबंद बघा. महाबळेश्वरला वर्षाला ५००० मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो. अशा ओल्या जंगलातले राखी रानकोंबडे आणि चकोत्र्या बहुतेक वेळा पावसाआधीच वीण उरकून घेतात. लाव्याचं उलट आहे. त्याच्या माळावर पाऊस साधारण ५०० ते ७०० मिलिमीटर. गवत, बिया आणि किडे भरपूर मिळतात ते याच महिन्यांत. आणि लहान पिल्लं मुख्यतः किड्यांवरच वाढतात.

मग अडचण कुठे येते?

लाव्याचं घरटं म्हणजे जमिनीवरचा उथळ खळगा. १६ ते १८ दिवसांत अंडी फुटतात आणि पिल्लं लगेच आईमागे पळायला लागतात. पण सुरुवातीचे काही दिवस त्यांना अंगातली ऊब टिकवता येत नाही. भिजली की गारठतात. आई पंखाखाली घेते, पण तेवढा वेळ त्यांचं खाणं थांबतं. तासाभराची सर निभावते. उघड्यावर दिवसभराची झड निभावत नाही.

पाऊस खरंच बदललाय का?

हो. पुण्याच्या आयआयटीएममधले रॉक्सी मॅथ्यू कोल आणि सहकाऱ्यांचा अभ्यास २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यानुसार १९५० ते २०१५ या काळात मध्य भारताच्या पट्ट्यात अतिवृष्टीच्या मोठ्या घटना तिपटीने वाढल्या, एकूण पाऊस मात्र घटला. या पट्ट्यात महाराष्ट्राचाही भाग येतो.

आपल्या हातात काय आहे?

गवत. दाट गवताच्या ठोंबाखाली पिल्लांना आडोसा मिळतो आणि किडेही तिथेच असतात. पण केंद्र सरकारच्या 'वेस्टलँड्स अ‍ॅटलास'मध्ये झुडपी माळ आणि खुरटलेली कुरणं 'पडीक' जमिनीत मोजली जातात. एकदा पडीक ठरली की तिथे नांगर फिरतो, सोलर प्लांट येतो, नाहीतर चर खोदून रोपं लावली जातात. यातलं शेवटचं तर पर्यावरणाचं काम म्हणून कौतुकानं व्हायरल होतं.

झाडं लावणं चांगलंच आहे, पण माळावर नाही. पुढच्या वेळी वृक्षारोपणाचा व्हिडिओ शेअर करण्याआधी एवढंच विचारा: या जागी आधी काय होतं?