जागा आपली, मते परक्यांची

वळसंगला बाबासाहेबांच्या विहिरीपाशी बसलो असता एका तरुण कार्यकर्त्याने विचारले, "वकीलसाहेब, युनोच्या सुरक्षा परिषदेवर देश निवडून कसे येतात?" प्रश्न दूरचा वाटतो, उत्तर मात्र आपल्या दारातले आहे.

परिषदेत 15 सदस्य. त्यात अमेरिका, रशिया, चीन, ब्रिटन, फ्रान्स हे पाच कायमचे मिरासदार, हाती नकाराधिकार. उरलेल्या 10 जागा दोन-दोन वर्षांच्या आणि प्रदेशवार राखीव : आफ्रिका-आशिया 5, लॅटिन अमेरिका 2, पूर्व युरोप 1, पश्चिम युरोप व इतर 2. म्हणजे जगालाही आरक्षण लागते! तेथे 'मेरिट'ची ओरड कोणी करत नाही.

पण खरी मेख पुढेच आहे. जागा आशियाची, मतदार मात्र आमसभेतील सर्व 193 देश. मतदान गुप्त, विजयाला दोन तृतीयांश मते. हा तर संयुक्त मतदारसंघच झाला! 1932 च्या पुणे करारापासून आपण हेच भोगतो आहोत.

मग देश जिंकतात कसे? 1996 साली आशियाच्या जागेसाठी भारत-जपान समोरासमोर आले. जपानला 142 मते, भारताला अवघी 40. 2010 साली कझाकस्तानने माघार घेतली. भारताला 187 मते पडली. 2020 साली आशियाई गटाचा एकमुखी पाठिंबा, 184 मते. देश तोच. फरक इतकाच, की आधी घरात ठरले होते. 1979 साली क्युबा आणि कोलंबिया हटले नाहीत. दीडशेहून अधिक फेऱ्या झाल्या आणि जागा मेक्सिकोला गेली.

घरात ठरले तर बाहेरचे शिक्का मारतात. घरात फुटले तर बाहेरचेच निवड करतात. राखीव जागेवर आपले चार गट चार उमेदवार देतात, तेव्हा दुसरे काय घडते?

एकमत म्हणजे वाड्यावर ठरलेले 'बिनविरोध' नव्हे. पुणे करारात आपल्याच मतदारांनी आधी चार उमेदवार निवडण्याची प्राथमिक निवडणूक होती. कायद्यातून ती गेली. पण वस्तीच्या उघड्या सभेत ती घ्यायला आपल्याला कोणता कायदा अडवतो? पुढचा अर्ज भरण्यापूर्वी विहिरीपाशी बसा, मोकळेपणाने भांडा, एक नाव ठरवा. मगच गावापुढे जा.

जय भीम!